चहाचा थांबा

नागझरी तालमीचा फुटबॉल संघ कोल्हापूरबाहेर खेळायला निघाला की गाडीचं सगळं सयाजी बघायचा. हे काम त्याला कुणी दिलं नव्हतं. लक्ष्मीपुरीच्या मागच्या बोळात त्याचं गाड्यांची सीटं शिवायचं दुकान होतं. त्यामुळं निम्म्या जिल्ह्याचे ड्रायव्हर त्याच्या ओळखीचे, आणि कुठल्या गाडीचं कुठलं सीट खचलंय, कुणाचे ब्रेक नुसते नावाला आहेत, हे त्याला बसल्या जागी ठाऊक. फार वर्षांपूर्वी मिरजेच्या सामन्याला त्यानं ठरवलेली गाडी वेळेवर पोचली, एवढंच निमित्त झालं. चांगलं काम करणाऱ्याला आपल्याकडं बक्षीस म्हणून आणखी काम देतात, तसं हे त्याच्या गळ्यात पडलं ते पडलंच.

तो करायचाही मन लावून. गडहिंग्लज, बेळगाव, एकदा तर गोवासुद्धा. हलगीवाले मागच्या बाकावर, वयस्कर मंडळी खिडकीला, भांडकुदळ पोरं एकमेकांपासून लांब, आणि ड्रायव्हरशेजारची पुढची जागा त्याच्या पोराला. कारण यशराजला गाडी लागायची. मैदानावर दोन-दोन गड्यांना चकवणारा हा पठ्ठ्या गाडीत बसला की कागल यायच्या आत पांढराफटक पडायचा. त्यामुळं सयाजीच्या पिशवीत लिंबू, आवळासुपारी आणि कॅरीबॅगा ठरलेल्या असत.

यंदा आजऱ्याला भीमाप्पा नावाच्या काजूच्या व्यापाऱ्यानं स्पर्धा भरवली होती. उपांत्य सामना ठरला नागझरी विरुद्ध दगडी कमान. दोन्ही तालमी कोल्हापूरच्याच, मधे दोन गल्ल्यांचं अंतर, आणि वैर असं की एकमेकांच्या पेठेतल्या न्हाव्याकडं दाढी करत नाहीत. आणि यशराज आता दगडी कमानीकडून खेळत होता.

हे झालं दिवाळीत. पाडव्याला गोलच्या खांबाची पूजा करून कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम उघडतात. नागझरीची रीत अशी की खांबाला हार घालून, हळदकुंकू वाहून झालं, की त्या वर्षी तालमीकडून खेळणारा प्रत्येक गडी खांबाला हात लावून उभा राहायचा, आणि मग नारळ फुटायचा. नारळ सयाजीच्या हातात होता. पोरगं दिसेना म्हणून तो थांबला होता. तेवढ्यात कुणीतरी मोबाइल त्याच्या नाकासमोर धरला. फोटोत दगडी कमानीचा खांब होता, आणि कपाळभर कुंकू लावून, खांबाला हात लावून यशराज उभा होता. सयाजीनं फोटो बघितला, मोबाइल परत दिला आणि नारळ फोडला.

कारण साधं होतं. कमानीच्या एका कारखानदारानं यशराजला शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत कायमच्या नोकरीला लावलं होतं. नागझरीवाले त्याला खांद्यावर घेऊन नाचायचे, पण खांद्यावरनं उतरलं की पोरगं बेकार ते बेकारच. बापाला हे तोंडावर सांगायचा धीर त्याला झाला नाही. पाडव्याच्याच संध्याकाळी तो बॅग भरून कळंब्याला एका मित्राच्या खोलीवर राहायला गेला. तेव्हापासून बापलेकांत एक शब्द झाला नव्हता, बरा नाही की वाईट नाही.

पेठेला वाटलं होतं, सयाजी आता पेटणार. पोराच्या नावानं शिव्या देईल, नाहीतर तालमीत तोंड दाखवायचं बंद करील. काही नाही झालं. तो रोज दुकानात जायचा, संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर बसायचा, कुणी चहा दिला तर प्यायचा. दाढ काढायच्या आधी डॉक्टर इंजेक्शन देतो आणि मग आपलाच गाल आपल्याला परका लागतो, तसं त्याचं आतून झालं होतं. राग यायला पाहिजे हे त्याला कळत होतं, रडू यायला पाहिजे हेही कळत होतं. दोन्हीपैकी एकही येत नव्हतं, आणि त्याचंही त्याला काही वाटत नव्हतं.

आजऱ्याच्या सामन्यासाठी तालमीच्या माडीवर बैठक बसली. गाडी, हलगी, झेंडे वगैरे बोलून झालं आणि धैर्यशील उठून उभा राहिला. धैर्यशील नागझरीच्या बचावातला बॅक, अंगानं दांडगा, आणि सयाजीच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. यशराज आणि तो एका ताटात जेवून मोठे झालेले. यशराजचं जाणं सगळ्यात जास्त झोंबलं असेल तर ते यालाच.

"यश्याला खेळू द्यायचा न्हाय," तो म्हणाला. "पयला बॉल त्येच्या पायात आला की मी सरळ नडगीवर घालणार. रेफ्री कार्ड काढंल, काढू दे. नागझरी सोडून गेल्यावर काय हुतंय, ते सगळ्या कोल्हापूरला कळू दे."

मग सगळ्यांच्या माना हळूहळू सयाजीकडं वळल्या. तालमीचे ज्ञानू वस्ताद, सगळ्यात वयस्क, घसा खाकरून म्हणाले, "सयाजी, पोरगं तुजं हाय. काय म्हणायचं आसंल तर आत्ताच म्हण. मागनं बोलायचं न्हाय."

सयाजीनं सगळं ऐकलं होतं. नडगी मोडली तर काय होतं हे त्याला कुणी सांगायला नको होतं. नुसता हंगाम जाणार नव्हता. फाउंड्रीत आठ-आठ तास भट्टीपुढं उभं राहायचं काम, तेही जाणार होतं. हे सगळं त्याच्या डोक्यात एकापुढं एक नीट उभं राहिलं, आणि तोंडातून आलं ते भलतंच.

"गाडी सकाळी साडेआठला सुटंल," तो म्हणाला. "उशीर करू नगासा."

मग मागून कुणीतरी मांडीवर थाप मारली. "ह्येला म्हणत्यात तालमीचा मानूस!" दोघांतिघांनी त्याच्या पाठीवर हात मारले. एकानं तर वाकून पाया पडायचं सोंग केलं. सयाजी जिना उतरून खाली आला, चपला शोधल्या आणि घरी गेला. रस्ताभर तो गाडीचाच विचार करत होता.

सयाजीचं एक गुपित होतं. पेठेला कळलं असतं तर त्याला गल्लीत राहू दिलं नसतं. त्याच्या फोनमध्ये 'हंबीर रेक्झीन' असं एक नाव होतं. बघणाऱ्याला वाटावं कुणी रेक्झीनचा व्यापारी असेल. पण रेक्झीनशी त्या माणसाचा सात पिढ्यांचा संबंध नव्हता. तो होता दगडी कमानीचा हंबीरराव, म्हणजे कमानवाल्यांचा सयाजी. तिकडची गाडी तो बघायचा. त्याच्या फोनमध्ये सयाजीचं नाव 'दाताचे डॉक्टर' असं होतं.

दोन्ही तालमींना एकाच गावाला जायचं असलं की हे दोघं गुपचूप फोनवर बोलायचे. तुम्ही किती वाजता निघणार, आम्ही किती वाजता, चहा कुठं, डिझेल कुठं. कारण दोन गाड्या एकाच टपरीवर थांबल्या की आधी घोषणा, मग आयाबहिणींचा उद्धार, मग बाटल्या, आणि सामना बाजूला राहून सगळी वरात पोलीस ठाण्यात. कितीतरी वर्षं दोन्हीकडच्या पोरांना वाटायचं की समोरचे भ्याले म्हणून वाटेत दिसले नाहीत. दिसू नयेत म्हणून दोन प्रौढ माणसं चोरून बोलत होती, एवढीच त्यात गंमत.

या खेपेलाही हंबीररावाचा फोन आला. सयाजी दुकानाच्या मागं पाण्याच्या बॅरलजवळ जाऊन बोलायला उभा राहिला.

"आमी आठला सुटतो," हंबीरराव म्हणाला. "चहा निपाणीच्या अलीकडं."

"आमी साडेआठ. चहा उत्तूरच्या पुढं."

"आन् जेवणाचं?"

"भीमाप्पानं एकाच हॉलात पंगत मांडली हुती. 'एकाच गावचे की ओ तुमी, दोन पंगती कशाला,' म्हणाला. त्येला काय सांगणार? दोन हॉल मागून घेतल्यात."

हंबीरराव हसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "सयाजीराव, येक इचारू? राग मानू नगासा."

"इचारा."

"तुमच्या पोराला गाडी लागती की ओ. मागल्या खेपंला गडहिंग्लजला जाताना लई हाल झालं त्याचं. उतरल्यावर किती येळ पायरीवर डोकं धरून बसलावता. काय करत हुता तुमी त्येला?"

सयाजीनं बॅरलमधल्या पाण्याकडं बघत सांगितलं, "पुढं बसवा, डायव्हरजवळ. सकाळी दूध देऊ नगा, कोरडी भाकरी खाऊ दे. मोबाइल काढून घ्या. लिंबू हुंगायला द्या, आवळासुपारी तोंडात. आन् वळणं आली की रस्त्याकडं बघायला सांगा. त्यो डोळं मिटतोय, डोळं मिटलं की जास्त हुतंय." एखाद्या गाडीचा दोष ड्रायव्हरला समजावून सांगावा तसा त्याचा आवाज होता.

"बरं झालं सांगितलंसा. आनि काय?"

आणि काय. आता एकच गोष्ट राहिली होती. नडगी सांभाळ म्हणावं, धैर्याच्या वाऱ्याला उभा राहू नको म्हणावं. चार शब्द सांगितले असते तर कमानवाल्यांनी यशराजला उतरवलंच नसतं. पण चहाची वेळ सांगणं वेगळं आणि माडीवरचं बोलणं समोरच्या तालमीला सांगणं वेगळं. ते सयाजीनं कधी केलं नव्हतं. त्या चार शब्दांसाठी जेवढा जीव तुटायला हवा तेवढा तुटतच नव्हता.

"आनि काय न्हाय," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

सामन्याच्या आदल्या दिवशी दुपारी धैर्यशील दुकानात आला. त्याच्या हातात नडगीला बांधायचे पॅड होते. बाजारातले नव्हेत, सयाजीनंच शिवलेले. दोघं भाऊ लहान असताना कंपनीचे पॅड परवडण्यातले नव्हते, म्हणून सयाजीनं एका जुन्या जीपच्या सीटचं तपकिरी रेक्झीन कापून, आत फोम आणि बांबूच्या कामट्या घालून दोन जोड केले होते. एक यशराजला, एक धैर्यशीलला. पोरं वाढत गेली तसे तो दरवर्षी नवे शिवत गेला, पण रेक्झीनचा तो गठ्ठा काही संपला नव्हता. यशराजचा जोड घरीच खुंटीला राहिला होता. जाताना त्यानं तो नेला नव्हता.

"मामा, पट्टा तुटलाय," धैर्यशील म्हणाला. त्याची नजर मामाच्या नजरेला भिडत नव्हती. "उद्याच्याला पायजे."

सयाजीनं पॅड घेतले. ज्या पायानं आपल्या पोराची नडगी फुटणार, त्या पायाचा पॅड आपण दुरुस्त करतोय हे त्याला समजत होतं. त्यानं पट्टा लावला, मशीनखाली सरकवला आणि पायडल दाबलं. मशीन चालू राहिलं. धैर्यशील एकदम ओरडला.

"मामा! बोट!"

सयाजीनं खाली बघितलं. सुई डाव्या हाताच्या बोटातून आरपार गेली होती आणि तपकिरी रेक्झीनवर रक्त पसरत होतं. त्यानं चाक उलटं फिरवून सुई वर घेतली, बोट सोडवलं, चिंधीनं पुसलं आणि उरलेली शिलाई पुरी केली. धैर्यशील तोंड उघडं टाकून बघत होता.

"दुखत न्हाय?"

"न्हाय," सयाजी म्हणाला. ते खरं होतं.

घरी आल्यावर शालननं, त्याच्या बायकोनं, बोटाला हळद लावून पट्टी बांधली. शालन दर सोमवारी डबा घेऊन केएमटीच्या बसनं कळंब्याला जायची. तो विचारायचा नाही, ती सांगायची नाही. पट्टी बांधून ती चुलीपाशी गेली आणि सयाजी उद्याची पिशवी भरायला बसला. पाण्याची बाटली, टॉवेल, शिट्टी. मग त्यानं परडीतली दोन लिंबं घेतली, खिशातून आवळासुपारीची पुडी काढली, कॅरीबॅगांच्या घड्या घातल्या आणि सगळं पिशवीत सारलं.

शालन मागं वळून बघत होती. "ती लिंबं कुणाला?"

"गाडीत लागत्यात."

"कुणाला लागत्यात? तुमच्या गाडीत आता गाडी कुणाला लागती?"

सयाजी पिशवीत हात घालून तसाच बसला. हाताला लिंबू लागलं होतं. त्याच्या गाडीत गाडी लागणारं कुणी नव्हतं. पिशवी भरताना त्याला हे आठवलंच नव्हतं, हात आपले नेहमीसारखे चालले होते. मग त्यानं पाडव्यापासून पहिल्यांदा पोराबद्दल तोंड उघडलं.

"त्याच्या पायाचं माप तेवढंच हाय?"

"ह्या वयात पाय वाढत्यात व्हय?" शालन म्हणाली. "वाळलाय मातर. भट्टीची धग बसती." आणि मग तिला काहीतरी जाणवलं. "का? पायाचं काय?"

त्यानं सगळं सांगितलं. माडीवर धैर्यशील काय बोलला, ज्ञानू वस्तादांनी काय विचारलं. सांगताना त्याचा आवाज सपाटच होता. शालन ऐकत ऐकत खाली बसली.

"आन् तुमी काय म्हणलासा?"

"गाडी साडेआठला सुटंल म्हणलो."

ती रडली नाही, ओरडलीही नाही. "म्हंजे लेकराचा पाय मोडायला मानसं न्यायची गाडी बापानं ठरवायची," ती म्हणाली. "वेळेवर न्यायची. आन् रात्री दवाखान्यात डबा मी न्यायचा. आसंच ना?"

सयाजी उठला. खुंटीवरचा जोड काढला, उलटसुलट करून बघितला. कामट्या जागोजाग मोडल्या होत्या, फोम बसून पापड झाला होता. जोड काखेत मारून तो दुकानाकडं गेला. शालननं त्याला अडवलं नाही आणि कुठं जाताय म्हणून विचारलंही नाही.

दिवेलागणीला त्यानं नवा जोड कापायला घेतला. तेच तपकिरी रेक्झीन. आत दुहेरी फोम, अख्ख्या बांबूच्या घासून गुळगुळीत केलेल्या कामट्या, आणि खाली घोट्यावर उतरणारी जीभ. मापासाठी टेप लागली नाही. नव्या जोडावर दोनतीन ठिकाणी पट्टीतलं रक्त लागलं, ते त्यानं तसंच ठेवलं. शिवून झाल्यावर त्यानं हंबीर रेक्झीनला फोन लावला.

"हंबीरराव, चहाचा थांबा बदलायचा. निपाणीला थांबू नगासा. उत्तूरच्या अलीकडं वडाखाली हॉटेल हाय बघा. तितंच थांबा, आन् आमी येस्तवर हलू नगा."

"आमी... तुमी येस्तवर?" हंबीररावाला धक्काच बसला. "दोनी गाड्या येका ठिकाणी? डोकी फुटतील सयाजीराव! इतक्या वर्षांत कधी केलं न्हाय."

"व्हय, न्हाय केलं."

"मग आताच का?"

"पोराला कायतरी द्यायचं हाय."

"माझ्याकडं द्या की. मी देतो गपचिप."

"गपचिप न्हाय द्यायचं," सयाजी म्हणाला. "सगळ्यांच्या देखत द्यायचं हाय."

हंबीररावाला माडीवरचं काही ठाऊक नव्हतं, आणि सयाजीनं ते आत्ताही सांगितलं नाही. पण दोन्हीकडं पोरं वाढवलेली माणसं होती. "बरं," हंबीरराव शेवटी म्हणाला. "आमची पोरं मी गाडीत दाबून धरतो. तुमची तुमी धरा."

दुसऱ्या दिवशी गाडी साडेआठच्या ठोक्याला सुटली. चाकाखाली लिंबू, पुढं नारळ, मागं हलगी, सगळं रीतसर. ड्रायव्हरशेजारची जागा सयाजीनं कुणालाच दिली नाही. तिथं त्यानं आपली पिशवी ठेवली. कागल गेलं, निपाणी गेली. पोरं यशराजच्या नावानं रचलेल्या घोषणा घोटत होती. धैर्यशील मात्र निघतानाच पॅड बांधून, खिडकीला डोकं लावून बसला होता.

उत्तूरच्या अलीकडं वडाखाली गाडी वळली आणि हलगी एकदम थांबली. समोर दगडी कमानीची गाडी उभी होती. त्यांचे झेंडे खिडक्यांतून बाहेर आलेले. क्षणभर दोन्हीकडच्यांना खरंच वाटेना. मग दोन्ही गाड्यांतून जो काही गदारोळ उठला, त्यानं वडावरची पाखरं उडाली.

"सयाजी!" ज्ञानू वस्ताद ओरडले. "ह्ये काय केलंस? टायम चुकला तुजा!"

"व्हय, चुकला," सयाजी म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं ते कबूल केलं, आणि तेही खोटंच. "कुणी खाली उतरायचं न्हाय. मी बघून येतो." दार त्यानं बाहेरून ओढून घेतलं.

दोन गाड्यांच्या मधे मोकळी जागा होती, अंगणाएवढी. ती तो पिशवी घेऊन चालत गेला. मागून पोरं काहीतरी ओरडत होती, पुढून शिव्या येत होत्या. मग तो कुठं चाललाय हे लोकांच्या ध्यानात आलं, तसे आवाज एकेक करून पडत गेले.

यशराज पुढच्या सीटवर होता. सयाजीनं सांगितलेलं सगळं हंबीररावानं केलं होतं. पोराच्या एका हातात लिंबू, मोबाइल कुठं दिसत नव्हता, चेहरा पांढराफटक. बाप दारात उभा राहिल्यावर तो सरळ होऊन बसला. सयाजीनं दार उघडलं, पायरीवर एक गुडघा टेकला आणि पिशवीतून पॅड काढले.

"पाय पुढं कर."

यशराजनं पाय पुढं केला. शालन म्हणाली ते खरं होतं. पिंढरी उतरली होती, आणि नडगीवर भट्टीच्या ठिणग्यांचे बारीक काळे डाग होते. सयाजीनं पॅड लावला, घोट्यावरची जीभ बसवली आणि पट्टे ओढायला लागला. दोन्ही गाड्यांच्या खिडक्यांतून माणसं मान बाहेर काढून बघत होती.

मागं पावलं वाजली. सांगून सांगून एकजण उतरलाच होता. धैर्यशील येऊन मामाच्या मागं उभा राहिला. त्यानं आधी यशराजच्या पायावरचा पॅड बघितला, मग आपल्या पायावरचा. एकच रेक्झीन. दोन्हीवर एकाच बोटाचं रक्त वाळलं होतं.

"मामा," तो हलक्या आवाजात म्हणाला, "टायम चुकला न्हाय तुमचा."

सयाजीनं मान वर केली नाही. "न्हाय."

धैर्यशीलनं कपाळावरचा घाम बाहीनं पुसला. मग यशराजला म्हणाला, "बॉल सोडणार न्हाय मी, यश्या. बॉलवर मातर येणार."

"ये की," यशराज म्हणाला. "मी कवा नगं म्हणलोय?"

"पायाकडं न्हाय येत." एवढं म्हणून तो वळला आणि आपल्या गाडीकडं गेला. दारात पोरांनी त्याला घेरलं, काय झालं म्हणून विचारलं. त्यांच्यातून वाट काढून तो आपल्या जागेवर जाऊन बसला.

सयाजीनं दुसरा पॅड बांधायला घेतला. शेवटचा पट्टा ओढताना त्याची पट्टी सैल होऊन सुटली आणि सुजलेलं, मधोमध भोक पडलेलं बोट उघडं पडलं. यशराज झटकन खाली वाकला. लिंबू त्याच्या हातातून पडून पायरीवरनं घरंगळत खाली गेलं. त्यानं बापाचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला, लहानपणी सयाजी त्याचा धरायचा तसा.

"पप्पा, काय झालं बोटाला?"

"मशीनमधी गेलं. सुई."

"कवा?"

"काल."

"दुखतंय?"

सयाजी न्हाय म्हणणार होता. शब्द जिभेवर आलाही होता. पण पोराचा अंगठा त्या भोकाच्या कडेला लागला, आणि तिथून एक कळ निघाली ती मनगटातून, कोपरातून, खांद्यातून वर गेली आणि त्याच्या डोळ्यांत आली. पाडव्यापासून साठलेलं सगळं त्या एका वाटेनं आलं. पायरीवर गुडघा टेकलेला तो माणूस दोन पेठांच्या देखत ओठ दाबून बसला, आणि तरीही ते थांबलं नाही.

"दुखतंय," तो म्हणाला. "लई दुखतंय, बाळा."